एडनीरचे स्वामी आणि बहुमताची वेस

दहावीच्या वर्गावर समाजविज्ञान शिकवायला लागून मला आता तीस वर्षे होत आली. मुख्याध्यापक झाल्यापासून माझ्याकडचे तास कमी झाले, पण राज्यघटनेचा पाठ मात्र मी दुसऱ्या कोणाला देत नाही. त्या पाठाच्या आरंभी एक प्रश्न मी दरवर्षी विचारतो, "लोकशाही म्हणजे काय?" उत्तर ठरलेले असते. मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा हात वर करून सांगतो, "बहुमताचं राज्य, सर." वर्षानुवर्षे मी "शाब्बास" म्हणून त्याला खाली बसवत आलो. हे उत्तर अर्धेच आहे. आणि अर्धे उत्तर पुरे मानल्याने काय होते हे मला वर्गात नव्हे, आमच्या गावच्या वाचनालयात कळले.

आमचे गाव सीमेवरचे. राज्य कर्नाटकाचे, घरची भाषा मराठी, बाजारची भाषा दोन्ही. दहांतली आठ घरे मराठी, उरलेली कानडी. वाचनालय आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून उभे केले. त्याच्या घटनेचा पहिलाच नियम असा होता की, हे वाचनालय जात, धर्म, भाषा न पाहता गावातील सर्वांस खुले राहील. मराठी दैनिकांच्या शेजारी एक कन्नड दैनिक तिथे वर्षानुवर्षे येत असे. ते वाचायला रोज सकाळी कानडी शाळेतले निवृत्त शिक्षक यायचे. त्यांना सारे गाव 'गुरुजी' म्हणते. मराठी आणि कानडी, दोन्ही घरांतल्या मुलांना त्यांनी पाढे शिकवले आहेत.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका कचेरीत मराठीतले अर्ज परत करायला सुरुवात झाली. लोक चिडले, आणि चिडायला कारणही होते. त्या चिडीत वाचनालयाची वार्षिक सभा आली. कन्नड दैनिक बंद करावे आणि पहिल्या नियमात 'मराठी भाषकांसाठी' असा बदल करावा, असा ठराव आला. मी अध्यक्ष होतो. सभेची सूचना वेळेवर गेली होती, गणसंख्या पुरी होती, नियम बदलायला लागणारे दोन तृतीयांश मतदान झाले. एकेचाळीस हजर, छत्तीस बाजूने. गुरुजी उठले आणि म्हणाले, "मास्तर, हे नियमाप्रमाणं आहे काय?" मी म्हणालो, "होय गुरुजी, नियमाप्रमाणंच आहे." त्यांनी कोपऱ्यातली छत्री घेतली आणि ते गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. एम. ए.च्या वर्षी ज्या खटल्यावर मी वीस गुणांचे उत्तर लिहिले होते, तो खटला नेमक्या याच प्रश्नाचा होता. नियमाप्रमाणे बहुमत जमवून मूळ नियमच मोडता येतो काय? परीक्षेत मी ते उत्तर बरोबर लिहिले होते. सभेत चुकलो. त्या खटल्याची हकीकत आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकांनी मुळातून जाणून घ्यावी, म्हणून हा लेख.

केरळच्या उत्तर टोकाला कासरगोड जिल्हा आहे. तिथे एडनीर नावाच्या गावी अद्वैत परंपरेचा एक जुना मठ आहे. १९४० साली जन्मलेले केशवानंद भारती ऐन विशीत, १९६० साली, या मठाचे अधिपती झाले. गाण्याचे जाणकार, यक्षगानाचे भोक्ते, शाळा चालवणारे स्वामी. मठाची भाषा कन्नड. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कासरगोड हा पूर्वी मद्रास इलाख्यातल्या दक्षिण कॅनरा जिल्ह्याचा भाग. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला तेव्हा तो केरळात गेला. त्याच दिवशी, त्याच कायद्याने बेळगाव आणि कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. कासरगोडचे कन्नड लोक आणि बेळगावचे मराठी लोक एकाच तारखेला आपापल्या भाषेच्या राज्याबाहेर राहिले. कय्यार किञ्ञण्ण रै या कन्नड कवीने कासरगोडसाठी आयुष्यभर चळवळ केली. आपण इथे ज्या भावनेने बोलतो तीच भावना तिथे कन्नडमध्ये बोलली जाते. हे आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक असते, आणि तिकडच्या फार थोड्यांना आपले.

१९६३ चा केरळ जमीन सुधारणा कायदा पुढे १९६९ साली अधिक कडक झाला. जमिनीवर कमाल मर्यादा आली आणि मठाच्या जमिनी जाण्याची वेळ आली. २१ मार्च १९७० रोजी केशवानंद स्वामींनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आपला धर्मस्वातंत्र्याचा, समानतेचा आणि मालमत्तेचा हक्क या कायद्याने मोडला जातो, असे त्यांचे म्हणणे होते.

आता प्रामाणिकपणे सांगतो, मी या खटल्यात स्वामींच्या बाजूने सुरुवात करू शकत नाही. माझे आजोबा कूळ होते. 'उळुववने भूमिय ओडेय', म्हणजे कसेल तोच जमिनीचा धनी, ही घोषणा देवराज अर्स यांच्या काळात आमच्याही गावात घुमली. १९७४ च्या दुरुस्त कायद्याने सव्वादोन एकर रान आजोबांच्या नावावर चढले. त्या रानाच्या जोंधळ्यावर आमचे घर चालले आणि माझे शिक्षण झाले. जमीनदारांच्या अर्जांनी हे कायदे कोर्टात अडकून पडले असते तर मी आज हा लेख लिहायला बसलो नसतो. म्हणून संसदेची बाजू काय होती, ते आधी नीट पाहू.

घटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत होता. जमीनदारी नष्ट करणाऱ्या कायद्यांना त्याच हक्काच्या आधारे आव्हान मिळू लागले. म्हणून १९५१ सालीच पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने घटनेला नववे परिशिष्ट जोडले. त्या परिशिष्टात घातलेला कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत आहे म्हणून रद्द होणार नाही, अशी सोय झाली. शंकरीप्रसाद खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली. संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, मूलभूत हक्कही, असा तो निकाल.

१९६४ साली सज्जनसिंग खटल्यात हाच प्रश्न पुन्हा आला. सरन्यायाधीश होते न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर, ज्यांच्या आडनावातच आपल्या उत्तर कर्नाटकातले गजेंद्रगड आहे. बहुमताने त्यांनी जुनाच निकाल कायम केला. पण त्या पाच जणांत न्या. ज. र. मुधोळकर होते. विदर्भातले मराठी न्यायमूर्ती, आणि यांच्याही आडनावात आपल्या शेजारचे घोरपड्यांचे मुधोळ. अर्ज फेटाळायला त्यांनी संमती दिली, पण एक शंका नोंदवून ठेवली. घटनेची काही मूलभूत लक्षणे आहेत, तीच बदलली तर त्याला दुरुस्ती म्हणायचे की घटनेचा एक भागच नव्याने लिहिणे म्हणायचे? ही शंका घेताना त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या एका निकालाचा आधार घेतला होता. १९६५ साली डिट्रिश कोनराड या जर्मन प्राध्यापकांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात याच विषयावर व्याख्यान दिले. त्यांच्या देशाने एका रीतसर घटनेच्या आडून हुकूमशाही आलेली पाहिली होती. १९३३ साली हिटलरने सर्वाधिकार घेतले ते जर्मन संसदेत दोन तृतीयांश मते मिळवून. विरोधी सभासद तुरुंगात किंवा परागंदा होते, सभागृहात गणवेशधारी टोळ्या उभ्या होत्या, पण कागदावर मतांची संख्या भरली होती.

मुधोळकरांची शंका दोन वर्षांत मोठी झाली. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने ठरवले की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यानंतर बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७० च्या फेब्रुवारीत रद्द झाला. संस्थानिकांची मान्यता काढून त्यांचे तनखे बंद करणारा राष्ट्रपतींचा आदेश त्याच वर्षी डिसेंबरात रद्द झाला. तो खटला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाने ओळखला जातो. गरिबांच्या बाजूचे कायदे करायला निघालेले सरकार आणि ते अडवणारे न्यायालय, असे चित्र लोकांसमोर उभे राहिले. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला लोकसभेत ३५२ जागा मिळाल्या. मग चोविसावी दुरुस्ती आली, संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते असे सांगणारी. पंचविसावी आली. सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे गेले. एकोणतिसाव्या दुरुस्तीने, १९७२ साली, केरळच्या जमीन कायद्यातले बदल नवव्या परिशिष्टात गेले. एडनीरच्या स्वामींचा अर्ज त्याने जवळजवळ निकालातच निघाला असता. पण स्वामींच्या वकिलांनी या दुरुस्त्यांनाच आव्हान दिले, आणि एका मठाच्या जमिनीचा खटला सगळ्या देशाच्या घटनेचा खटला झाला.

३१ ऑक्टोबर १९७२ ला सुनावणी सुरू झाली आणि २३ मार्च १९७३ ला संपली. प्रत्यक्ष कामकाज ६८ दिवस चालले. न्यायासनावर तेरा न्यायमूर्ती होते. याहून मोठे खंडपीठ या न्यायालयात त्यापूर्वी बसले नव्हते आणि त्यानंतरही बसलेले नाही. स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला, केरळच्या बाजूने होरमसजी सीरवई. दोघेही मुंबईचे, दोघेही पारशी, दोघेही घटनेचे गाढे अभ्यासक.

पालखीवालांच्या म्हणण्याचा गाभा मी वर्गात असा सांगतो. पावसाळ्याआधी आपण घर शाकारायला देतो. गडी कौले चाळतो, कुजलेला वासा बदलतो, गळती थांबवतो. एखादी भिंत पाडून दार मोठे कर म्हटले तर तेही करतो. हे सारे दुरुस्तीत बसते. पण संध्याकाळी आपण परत येतो तो मधले खांब उपटून नेलेले आणि तुळई जमिनीवर, आणि गडी सांगतो की 'दुरुस्ती करायला तुम्हीच सांगितलं होतं', तर आपण ते ऐकून घेऊ काय? घटनेच्या ३६८ व्या कलमाने संसदेला शाकारणीचा अधिकार दिला आहे. खांब उपटण्याचा दिलेला नाही.

सीरवईंचे उत्तरही तितकेच भारी होते. घटनेत कुठे लिहिले आहे की अमुक हा खांब आणि अमुक हे कौल? ते कोण ठरवणार? जनतेने निवडून न दिलेले न्यायमूर्ती? एका पिढीने लिहिलेली घटना पुढच्या सर्व पिढ्यांना बांधून ठेवणार असेल तर जनतेला क्रांतीखेरीज मार्ग उरणार नाही. सव्वादोन एकरांच्या नातवाला हे उत्तर सहजासहजी बाजूला सारता येत नाही, आणि मी ते सारतही नाही.

२४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश सिक्री निवृत्तीच्या तोंडावर होते. तेरा जणांनी मिळून अकरा निकालपत्रे लिहिली. सात विरुद्ध सहा अशा एका मताच्या फरकाने जे ठरले ते असे: गोलकनाथचा निकाल रद्द, संसद घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कही, दुरुस्त करू शकते, मात्र घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. सातवे, निर्णायक मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते. ही चौकट कोणती, तर निरनिराळ्या न्यायमूर्तींनी निरनिराळ्या शब्दांत सांगितले: घटनेची सर्वश्रेष्ठता, लोकशाही प्रजासत्ताक राज्यपद्धती, निधर्मी स्वरूप, कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांच्यातली अधिकारांची विभागणी, संघराज्य, व्यक्तीची प्रतिष्ठा.

आणि स्वामी? ते हरले. केरळच्या कायद्याला संरक्षण देणारी एकोणतिसावी दुरुस्ती न्यायालयाने वैध ठरवली. मठाची जमीन वाचली नाही. माझ्या आजोबांसारख्या कुळांचे कायदेही टिकले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढूनही टाकला, आणि देशाची घटना मोडली नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते. चौकटीचा सिद्धान्त जमीनदारांच्या रक्षणासाठी नव्हता हे त्यातून दिसते. ६ सप्टेंबर २०२० रोजी एडनीरलाच स्वामींचे देहावसान झाले. ज्या निकालात त्यांच्या पदरी काही पडले नाही, त्या निकालाने त्यांचे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी राहिले.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने जाहीर केले की, पुढचे सरन्यायाधीश न्या. अजितनाथ राय होतील. ज्येष्ठतेने पुढे असलेले शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर, तिघेही निकालात बहुमताच्या बाजूचे, डावलले गेले. तिघांनी राजीनामे दिले. त्यांतले न्या. के. एस. हेगडे दक्षिण कन्नडचे. ते पुढे १९७७ साली लोकसभेवर निवडून आले आणि तिचे सभापती झाले.

सीरवईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला इतिहासाला फार दिवस लागले नाहीत. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनला आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर, आणि आधी झालेला निकालही निरर्थक, असे तिने ठरवले. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, पण संसदेत दोन तृतीयांश मते भरली होती. गुरुजींनी मला विचारले तसे कोणी विचारले असते, तर "नियमाप्रमाणंच आहे" असेच उत्तर मिळाले असते. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केशवानंद निकालाच्या आधारे, त्या दुरुस्तीतले हे कलम रद्द केले. इंदिरा गांधींची निवडणूक वैध ठरली ती वेगळ्या कारणाने, पण एका व्यक्तीसाठी कायद्याबाहेरची जागा निर्माण करता येत नाही हे ठरून गेले.

लगेच त्याच महिन्यात सरन्यायाधीश राय यांनी केशवानंद निकालाचाच फेरविचार करायला तेरा न्यायमूर्तींचे खंडपीठ बसवले. पालखीवाला पुन्हा उभे राहिले. तिसऱ्या दिवशी ते खंडपीठ विसर्जित झाले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मग सरळच लिहिले की, घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात कोणत्याही कारणाने आव्हान देता येणार नाही. ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्स या बेंगळुरूच्या गिरणीच्या खटल्यात न्यायालयाने तेही रद्द केले. मर्यादित अधिकार ज्याला दिला आहे त्याला तो वापरून स्वतःचा अधिकार अमर्याद करता येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. आणि हेच चंद्रचूड १९७३ साली चौकटीच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध, सहांच्या अल्पमतात होते. एका मताने हरल्यावर त्यांनी हरणे मान्य केले आणि जो कायदा ठरला तो पुढे स्वतः चालवला. सीरवईंनीही आणीबाणीनंतर आपल्या ग्रंथात हा सिद्धान्त स्वीकारला.

पण इतिहास शिकवताना कोणाला देव करू नये. याच चंद्रचूडांनी १९७६ साली, आणीबाणीत, जबलपूरच्या खटल्यात बहुमताबरोबर असे मत दिले की, अटकेत टाकलेल्या माणसाला त्या काळात न्यायालयात दाद मागता येणार नाही. पाचांत एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. त्याची किंमत त्यांनी मोजली. १९७७ साली त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश नेमले आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा होता असे सांगितले, तेव्हा ते सांगणारे प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले होते. वडिलांचा निकाल मुलाने पुसला. चौकट कागदावर असली तरी ती राखणारी माणसेच असतात आणि माणसे कधी राखतात, कधी चुकतात. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत हेच सांगितले होते की, घटनेची नीती माणसात जन्मजात नसते, ती जोपासावी लागते.

आमच्या हुबळीच्या सोमप्पा रायप्पा बोम्मई यांचेही नाव या मालिकेत आहे. १९८९ च्या एप्रिलमध्ये त्यांचे कर्नाटकातले सरकार बरखास्त झाले. बहुमत आहे की नाही हे विधानसभेत सिद्ध करू द्या, ही त्यांची मागणी राज्यपालांनी मानली नाही. ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायमूर्तींनी ठरवले की, राज्य सरकार बडतर्फ करण्याचा निर्णय न्यायालय तपासू शकते आणि बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायला हवी. संघराज्य आणि निधर्मीपणा हे मूलभूत चौकटीचे भाग आहेत, हेही तिथे पक्के झाले. त्यातले एक प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे. कासरगोड, बेंगळुरू, हुबळी. ज्यांना आपण केवळ 'तिकडचे' म्हणतो, त्यांच्या मुलखातून निघालेल्या तीन खटल्यांनी आपलेही हक्क बांधून दिले आहेत.

आता आपल्या सीमाभागाकडे येतो. घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसद साध्या बहुमताने राज्यांच्या सीमा बदलू शकते. १९५६ साली तिने त्या बदलल्या. त्या बदलाविषयी आपली तक्रार आहे, तिच्यासाठी माणसे तुरुंगात गेली आहेत, आणि २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला. त्या मागणीविषयी माझे मत गावाला ठाऊक आहे, ते इथे सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते वेगळे. रेघ कुठेही ओढा, तिच्या दोन्ही बाजूंना थोडेथोडके लोक उरतातच. बेळगाव उद्या कुठल्याही राज्यात असले तरी त्या राज्यात कोणत्यातरी भाषेची माणसे संख्येने कमी असणारच. त्यांना आपली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क घटनेचे एकोणतिसावे कलम देते, शाळा चालवण्याचा हक्क तिसावे देते. हे हक्क मतांच्या बेरजेवर अवलंबून नाहीत. ज्यांची बेरीज कमी पडते त्यांच्यासाठीच ते लिहिले आहेत. आपली शाळा आज ज्या कलमाच्या आधाराने उभी आहे, तेच कलम कासरगोडच्या कन्नड शाळेचाही आधार आहे.

राज्यघटनेची मूलतत्त्वे म्हणून मी मुलांना पूर्वी पाच मुद्दे पाठ करायला सांगत असे. आता त्यांच्यामागे एकच विचार ठेवतो. अधिकार कोणाचाही असो, राजाचा, पंतप्रधानांचा, न्यायमूर्तींचा की बहुमताचा, त्याला वेस असली पाहिजे. सत्ता तिघांत वाटून देणे, कायदा सर्वांना सारखा असणे, निवडणुका मुदतीत होणे, हक्क लिहून ठेवणे, ही सारी त्या वेशीचीच बांधणी. बहुमताशिवाय कारभार चालत नाही, हे खरे. पण जे आज बहुमतात आहेत ते उद्या अल्पमतात असू शकतात, आणि आपल्यासारखे लोक तर एकाच दिवशी दोन्ही असतात. राज्यात आपण थोडे, गावात आपण फार. कचेरीने आपला अर्ज परत केला तेव्हा आपण ज्या न्यायाची आठवण करून दिली, तो न्याय त्याच महिन्यात वाचनालयाच्या सभेत आपल्याला आठवला नाही.

पुढच्या वार्षिक सभेत मीच विषय मांडला. आधीच्या सभेत अध्यक्ष म्हणून मी चुकलो, ठराव मताला टाकायलाच नको होता, हे उभे राहून सांगितले. मग स्वामींच्या खटल्याची ही हकीकत थोडक्यात सांगितली. काही जण चिडले. एकजण म्हणाला, "हेडमास्तर, ते कचेरीवाले ही गोष्ट ऐकतील काय?" मी म्हणालो, त्यांना ऐकवायची तर आधी आपल्या दारात ती खरी असायला हवी. चर्चा बराच वेळ चालली. अखेर पहिला नियम जसा होता तसा परत आला, फक्त चार मतांनी. त्याखाली एक ओळ नवीन घातली, की हा नियम कोणत्याही सभेत कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या घरी गेलो. मी म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं." ते म्हणाले, "मास्तर, उत्तर चुकलं तरी चालतंय, वही फाडू नये." चहा झाला. दैनिक पुन्हा सुरू झाले आहे. गुरुजी पूर्वीसारखे रोज येत नाहीत, आठवड्यातून एकदा येतात. चार मतांनी परत आलेल्या नियमावर त्यांनी किती भरवसा ठेवावा, हे मी त्यांना सांगू शकत नाही.

यंदा दहावीच्या वर्गावर तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर आले, "बहुमताचं राज्य, सर." या वेळी मी त्या मुलाला खाली बसवले नाही. "अर्धं बरोबर," म्हटले, "आता उरलेलं अर्धं आपण सगळे मिळून शोधू." आणि फळ्यावर लिहिले: एडनीर, जिल्हा कासरगोड.